सेलमचे नीतिमान

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम या बंदराच्या गावी, टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. अमेरिकेतून परदेशी धर्मप्रसारासाठी निघालेली ही पहिलीच तुकडी. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. हॉल १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने वारले. मिशन मात्र रुजले. मुंबईतली मुलींची शाळा, अहमदनगरचे ठाणे, १८४२मध्ये निघालेला ‘ज्ञानोदय’, आणि पुढे याच मिशनच्या आश्रयाने ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, हा सगळा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची एक मुळी अशी थेट सेलमपर्यंत जाते.

परंतु सेलम हे नाव उच्चारले की जगाला १८१२ आठवत नाही, १६९२ आठवते. त्या वर्षी, हॉल-नॉट यांच्याच काँग्रिगेशनल पंथपरंपरेतल्या लोकांनी, बायबल हातात घेऊन, उपास आणि प्रार्थना करून, एकोणीस माणसांना चेटकाच्या आरोपावरून फासावर दिले आणि विसाव्याला छातीवर धोंडे रचून मारले. निदान पाच जण तुरुंगात मेले, त्यांत एक तान्हे मूल होते. या प्रकरणावर पुस्तकांची रास आहे, आर्थर मिलरचे ‘द क्रूसिबल’ हे १९५३चे नाटक जगभर गाजले आहे. तरीही एक प्रश्न मला त्यात पुन्हा पुन्हा दिसतो आणि तो बहुधा ओझरता सोडला जातो. या गावात दांभिक कोण होते, आणि नीतिमान कोण? मराठी बायबलात ‘नीतिमत्त्व’ हा शब्द वारंवार येतो. सेलममध्ये या शब्दाचा अर्थ कोणी जाणला होता?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. न्यायाधीश ढोंगी होते असे म्हणून मोकळे होता आले असते, तर हे प्रकरण केव्हाच निकालात निघाले असते.

प्रथम ही माणसे कोण, ते पाहू. इंग्लंडमधल्या चर्चची शुद्धी करू पाहणारे म्हणून त्यांना प्युरिटन म्हणत. तिथे छळ सोसून १६३०च्या सुमारास ते मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आले. देवाच्या वचनावर चालणारे एक राज्य उभारायचे आणि जगाला ते दाखवायचे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. छळ सोसलेली माणसे दुसऱ्यांना सोसून घेतीलच असे मात्र नाही. १६५९ ते १६६१ या काळात त्यांनी बॉस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी दिले, त्यांत मेरी डायर ही स्त्री होती. गुन्हा एवढाच की हद्दपार केल्यावरही ते परत आले.

त्यांच्या मंडळीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नुसते उपासनेला बसणे वेगळे आणि मंडळीचा सभासद होणे वेगळे. सभासद व्हायचे तर आपल्या अंतःकरणात देवाची कृपा कशी उतरली, हे सर्वांसमक्ष सांगावे लागे आणि ते ऐकणाऱ्यांना पटावे लागे. साहजिकच खरा तारण पावलेला कोण आणि तसे सोंग करणारा कोण, हा तिथला रोजचा प्रश्न होता. शास्त्री आणि परूशी यांना येशूने दांभिक म्हणून जे फटकारले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले शब्द या लोकांना तोंडपाठ होते. परूशी म्हणजे दुसरा, असे मात्र त्यांतला प्रत्येक जण समजून चालला होता. दांभिकाला हुडकण्याचा ध्यास हेच या समाजाचे दुखणे होते, आणि ते दुखणे धार्मिक असल्यामुळे कोणी त्याला दुखणे म्हणत नव्हते.

सेलम टाउन हे बंदर, व्यापाराचे गाव. त्याला लागून आत सेलम व्हिलेज हे शेतकऱ्यांचे खेडे, म्हणजे आजचे डॅनव्हर्स. खेड्यात भांडणे भरपूर. शेजारच्या टॉप्सफील्डशी हद्दीचे वाद, घराण्याघराण्यांतली तेढ, आणि पाळकांशी कधीच न पटणे. १६८९मध्ये सॅम्युअल पॅरिस हे तिथे पाळक म्हणून रुजू झाले. बार्बाडोस बेटावर आणि बॉस्टनमध्ये व्यापारात नशीब काढून पाहिलेला, तिथे विशेष काही न साधल्यावर धर्मसेवेकडे वळलेला हा गृहस्थ. पगार किती, सरपण कोणी पुरवायचे, पाळकाचे घर कोणाच्या मालकीचे, यांवरून गावाशी त्यांची जुंपली. १६९१च्या ऑक्टोबरात गावच्या समितीने त्यांच्या पगारासाठी कर गोळा करायचेच नाकारले. त्यानंतर व्यासपीठावरून पॅरिस मंडळीत शिरलेल्या सैतानाविषयी बोलू लागले. सरपणाच्या वादाला असे एकदम वैश्विक रूप आले. धर्मावेशात स्वतःचा राग कुठे संपतो आणि देवाचा कुठे सुरू होतो, हे बोलणाऱ्यालाही कळेनासे होते. पॅरिस यांचे तसेच झाले असावे असे मला वाटते.

१६९२च्या जानेवारीत पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची नातेवाईक ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. वैद्याने दुष्ट शक्तीचा हात असल्याचे सांगितले. शेजारच्या बाईने एक तोडगा सुचवला. मुलींचे मूत्र घालून राईच्या पिठाची भाकर करायची आणि कुत्र्याला घालायची. घरातले गुलाम जोडपे टिटुबा आणि जॉन यांनी ती केली. (करणी उतरवायला करणीच! पॅरिस यांनी पुढे त्या बाईला मंडळीसमोर खडसावले.) फेब्रुवारी अखेर तीन बायकांवर वॉरंट निघाली. एक टिटुबा, दुसरी दारोदार मागून जगणारी सेरा गुड, तिसरी आजारी असलेली आणि उपासनेला न फिरकणारी सेरा ऑझबर्न. गावाला नको असलेल्या तिघी. टिटुबाने कबुली दिली. मालकाने मारहाण करून ती वदवली असे तिने पुढे सांगितल्याची नोंद आहे.

इथवरची कथा युरोपातल्या शेकडो चेटूक-खटल्यांसारखीच आहे. सेलम वेगळे ठरते ते पुढच्या पायरीवर, आरोप मंडळीच्या आतल्या माणसांवर सरकले तेव्हा.

रिबेका नर्स एकाहत्तर वर्षांची होती. कानाने कमी ऐकणारी, अंथरुणाला खिळलेली, आणि भक्तिमान म्हणून सर्वमान्य. तिच्यावर आरोप झाला तेव्हा सुमारे चाळीस शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने सह्या केल्या. आरोप करणाऱ्यांत टॉमस पुटनम यांच्या घरातल्या बायका-मुली पुढे होत्या, विशेषतः बारा वर्षांची ॲन. मार्चच्या एका रविवारी पॅरिस यांनी येशूच्या बारा शिष्यांतही एक सैतान होता, या वचनावर प्रवचन दिले. रिबेकाची बहीण सेरा क्लॉइस उठली आणि तडक बाहेर गेली. तिच्यामागे दार धाडकन आपटले. थोड्याच दिवसांत तिलाही अटक झाली. पाठोपाठ तिसरी बहीण मेरी ईस्टी हिलाही धरण्यात आले.

या काळात वसाहतीला सनद नव्हती. जुनी सनद १६८४मध्येच रद्द झाली होती. १४ मे १६९२ रोजी नवे गव्हर्नर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन आले तेव्हा तुरुंग भरलेले होते. त्यांनी खास न्यायालय नेमले. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन. इतरांत बॉस्टनचे व्यापारी आणि हार्वर्डचे पदवीधर सॅम्युअल स्यूअल होते, वय चाळीस. स्यूअल यांची दैनंदिनी इतिहासकारांना सोन्यासारखी आहे. १६७४पासून पन्नासहून अधिक वर्षे ती चालली. तीत माणूस दिसतो तो चांगला दिसतो. कुटुंबवत्सल, खाण्यापिण्याचा शौकीन, भजने गाण्यात रमणारा, मुलांच्या आजारपणात रात्र जागवणारा. असा माणूस फाशीच्या हुकमांत सहभागी होतो.

खटल्यांत निर्णायक ठरला तो ‘छायेचा पुरावा’. पीडित मुलगी म्हणे, अमक्या बाईची छाया येऊन मला चिमटे काढते. ती छाया दुसऱ्या कोणाला दिसत नसे. आरोपी त्या वेळी घरी झोपलेली असली तरी फरक पडत नसे. सैतान निष्पाप माणसाचे रूप घेऊ शकतो का, हा खरा धर्मशास्त्रीय प्रश्न होता. घेऊ शकत असेल तर सारा पुरावा कोसळतो. स्टाउटन यांचे मत होते की देव तसे होऊ देणार नाही. देवाच्या न्यायावरचा हा विश्वास इतका घट्ट होता की त्यावर माणसे लटकवता आली. पहिल्या खटल्यानंतर, १० जून रोजी ब्रिजेट बिशपला फाशी झाली, तेव्हा नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल हे न्यायाधीश न्यायालयातून बाहेर पडले. १५ जूनला पाळकांनी एक निवेदन दिले. छायेच्या पुराव्याबाबत जपून राहा असे त्यात सांगितले, आणि शेवटी खटले वेगाने व जोमाने चालवा असेही म्हटले. न्यायालयाने त्यातले शेवटचे तेवढे उचलले. विद्वानांच्या सावध निवेदनांचे बहुधा असेच होते.

रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. पीडित मुलींनी न्यायालयात आकांत मांडला. स्टाउटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्याची आठवण दिली. एका कबुली दिलेल्या कैदिणीला साक्षीसाठी आणल्यावर नर्स म्हणाली होती, ही तर आमच्यातलीच. आमच्यातली म्हणजे आमच्यासारखी कैदी. ज्यूरीने खुलासा विचारला तेव्हा बहिऱ्या म्हातारीला तो ऐकूच आला नाही. गप्प राहिली म्हणून दोषी ठरली. मंडळीने तिला बहिष्कृत केले, म्हणजे त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे मेल्यावरही देवाकडे जाण्याची वाट बंद केली. १९ जुलै रोजी तिला फाशी झाली.

आता या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट. सेलममध्ये जो कबुली देई, तो वाचे.

याला कारण धार्मिकच होते. पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याला मंडळीने जवळ करावे ही ख्रिस्ती शिकवण. शिवाय कबुली देणारा साथीदारांची नावे सांगे, म्हणून खटल्यांना तो उपयोगी. परिणाम असा की पन्नासच्या आसपास लोकांनी आपण चेटूक केले, सैतानाच्या वहीत सही केली, काठीवर बसून उडालो असे कबूल केले, आणि त्यांतला कबुलीवर टिकून राहिलेला एकही जण फासावर गेला नाही. फासावर गेले ते ‘मी निरपराध आहे’ म्हणणारे. सॅम्युअल वॉर्डवेलने कबुली दिली होती. मग ती मागे घेतली आणि २२ सप्टेंबरला त्याला लटकवले. म्हणजे खोटे बोलणाऱ्याला जीवदान आणि खरे बोलणाऱ्याला मरण. ख्रिस्ताच्या नावाने चाललेल्या न्यायालयाने दहा आज्ञांतली खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा अशी उलटी करून टाकली होती.

मग खरे बोलणारे खरे का बोलले? एक खोटे वाक्य आणि घरी परत. आजचा वाचक म्हणेल, वेडे होते. पण त्यांचा देव सर्व पाहतो असे ते खरोखर मानत होते. खोटी कबुली देणे म्हणजे देवासमोर खोटे बोलणे, आणि शिवाय दुसऱ्या कोणाचे तरी नाव घेऊन त्याचा गळा दोरीत अडकवणे. न्यायाधीशांची आणि त्यांची श्रद्धा एकच होती, पुस्तक एकच, आज्ञा त्याच. त्या श्रद्धेने एकाला खुर्चीवर बसून निश्चिंत केले, दुसऱ्याला फळीवर उभे राहून निर्भय केले.

मार्गरेट जेकब्जची हकिगत या जागी सांगितलीच पाहिजे. कोवळ्या वयाची मुलगी. धाकदपटशाने तिने कबुली दिली आणि आपले आजोबा जॉर्ज जेकब्ज व जॉर्ज बरोज यांची नावे घेतली. मग तिला झोप लागेना. तिने न्यायालयापुढे सांगितले की आपण जीव वाचवण्यासाठी खोटे बोललो. तशी मागे घेतलेली कबुली म्हणजे मरण ओढवून घेणे, हे ती जाणत होती. न्यायाधीशांनी मानले नाही. अंधारकोठडीतून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तिने कळवले की खोटे सांगून जगण्यापेक्षा मरणे पत्करले. आजोबा १९ ऑगस्टला फासावर गेले, त्याआधी तिने बरोज यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली आणि त्यांनी तिच्याबरोबर प्रार्थना केली. ती स्वतः त्या वेळी आजारी असल्याने खटला लांबला, आणि त्यामुळेच वाचली.

हे बरोज म्हणजे कोणी गावगुंड नव्हेत. ते याच सेलम व्हिलेजचे पूर्वीचे पाळक, हार्वर्डचे १६७०चे पदवीधर. स्यूअल त्यांच्यानंतर एका वर्षाने बाहेर पडलेले, ओळखीतले. फाशीच्या शिडीवर बरोज यांनी प्रभूची प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. चेटूक करणाऱ्याला ती म्हणता येत नाही अशी समजूत होती. गर्दी चुळबुळली. तेव्हा घोड्यावर बसलेले बॉस्टनचे विद्वान पाळक कॉटन मेदर पुढे झाले आणि सैतान तेजस्वी दूताचेही रूप घेतो असे लोकांना समजावले. फाशी पार पडली. तर्काची गंमत पाहा. सैतान निरपराध माणसाचे रूप घेऊ शकत नाही म्हणून आरोपी दोषी, आणि सैतान देवदूताचे रूप घेऊ शकतो म्हणून त्याची निर्दोष प्रार्थना निरुपयोगी. दोन्हीकडून दोरी तीच.

त्याच दिवशी जॉन प्रॉक्टरलाही लटकवले. त्याने जुलैत बॉस्टनच्या पाळकांना पत्र लिहून कळवले होते की तरुण पोरांना मान आणि टाचा एकत्र बांधून कबुल्या काढल्या जात आहेत, त्यांत आपला मुलगाही आहे. गाइल्स कोरी, वय ऐंशीच्या घरात, याने तर आरोप मान्य की अमान्य हे सांगायचेच नाकारले. कायद्याने अशा माणसावर दगड रचत जात. तो १९ सप्टेंबरला मेला. याच कोरीने आधी आपल्या बायकोविरुद्ध साक्ष दिली होती, हेही विसरता कामा नये. ती मार्था कोरी तीन दिवसांनी फासावर गेली. तिच्यासह त्या दिवशी आठ जणांना लटकवले, आणि सेलमचे पाळक निकोलस नॉइस यांनी नरकातल्या जळत्या कोलितांशी त्यांची तुलना केल्याचे समकालीन लेखक नोंदवतो. धर्मगुरूच्या तोंडचे हे शब्द. याला मी दंभ म्हणणार नाही, कारण तो गृहस्थ मनापासून बोलत होता. माणूस मनापासून बोलतो म्हणून ते बोलणे चांगले ठरत नाही, एवढेच.

त्या आठांत मेरी ईस्टी होती, रिबेकाची बहीण. मे महिन्यात तिला एकदा सोडले होते. दोन दिवसांत आरोप करणाऱ्या मुलीला जोराचे झटके आले आणि तिला पुन्हा धरून आणले. मरणापूर्वी तिने न्यायाधीशांना आणि पाळकांना अर्ज केला. तो कागद आज उपलब्ध आहे आणि माझ्या मते सेलमच्या सर्व दप्तरातला तो सर्वांत मोलाचा कागद. ती स्वतःसाठी जीवदान मागत नाही. आपण मरणार हे तिने मानले आहे. यापुढे निरपराध रक्त सांडू नये एवढे ती मागते. न्यायाधीशांवर दुष्टाव्याचा आरोप करत नाही, ते आपल्या परीने प्रयत्न करीत आहेत असे म्हणते. आणि मग दोन व्यवहारी सूचना करते. पीडित म्हणवणाऱ्यांना एकमेकींपासून वेगळे ठेवून त्यांची कसून तपासणी करा, आणि कबुली दिलेल्यांपैकी काहींवर खटला चालवून पाहा. पन्नाशी ओलांडलेली एका शेतकऱ्याची बायको फासाच्या छायेत बसून न्यायशास्त्राचे धडे देत होती. हार्वर्डच्या पदवीधरांना ते सुचले नव्हते.

ऑक्टोबरात वारा फिरला. कॉटन मेदर यांचे वडील, हार्वर्डचे अध्यक्ष इन्क्रीज मेदर यांनी लिहिले की एका निरपराध्याला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. बॉस्टनचे टॉमस ब्रॅटल यांनी पत्रातून खटल्यांची चिरफाड केली. आरोप तोवर प्रतिष्ठितांच्या घरांपर्यंत पोचले होते, हेही कारण असणारच. फिप्स यांनी महिनाअखेर न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३पासून छायेचा पुरावा न मानता नव्या न्यायालयात खटले चालले तेव्हा जवळजवळ सगळे सुटले. उरलेल्यांना फिप्स यांनी वाचवले तेव्हा स्टाउटन संतापून न्यायासनावरून निघून गेले. सुटलेल्यांना तुरुंगाचा खर्च भरल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हते, कारण खाण्याचे आणि बेड्यांचे पैसेही कैद्याकडूनच. टिटुबाचे पैसे तिचा मालक असलेल्या पाळकाने भरले नाहीत. वर्षभराने दुसऱ्या कोणी ते भरून तिला विकत नेले, आणि इतिहासातून ती नाहीशी झाली.

सर्वसाधारणपणे अशा प्रकरणांचा इथे शेवट होतो. झाले गेले विसरून जायचे. सेलममध्ये मात्र चार वर्षांनी एक गोष्ट घडली.

१६९६ साल स्यूअल यांना वाईट गेले. मे महिन्यात मुलगा मृत जन्मला. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सेरा गेली. दुसऱ्या दिवशी, घरात मृतदेह असताना, थोरला मुलगा सॅम वडिलांना मत्तयाचा बारावा अध्याय लॅटिनमधून म्हणून दाखवत होता. त्यातल्या सातव्या वचनात येशू परूशांना म्हणतो की मला यज्ञ नको, दया हवी, याचा अर्थ तुम्हांला कळला असता तर निर्दोषांना तुम्ही दोषी ठरवले नसते. स्यूअल यांनी दैनंदिनीत नोंदवले की त्या वचनाने सेलमची शोकांतिका भयंकर रीतीने डोळ्यांपुढे उभी राहिली.

ते वचन त्यांनी पूर्वी शेकडो वेळा वाचले असणार. परूशांना उद्देशून असलेले ते शब्द आपल्याला उद्देशून आहेत, हे त्यांना त्या दिवशी मुलाच्या तोंडून ऐकताना लागले.

१४ जानेवारी १६९७ हा वसाहतीने सार्वजनिक उपासाचा दिवस ठरवला होता. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये पाळक सॅम्युअल विलर्ड जवळून जात असताना स्यूअल यांनी त्यांच्या हाती एक कागद दिला आणि तो वाचला जात असताना आपल्या जागी उभे राहिले. सेलमच्या न्यायालयामुळे जो अपराध झाला त्याचा दोष आणि लाज आपण आपल्या माथी घेतो, माणसांकडे क्षमा मागतो, आणि देवाने या पापाची शिक्षा आपल्या कुटुंबाला किंवा देशाला देऊ नये म्हणून प्रार्थना करा, असा त्याचा आशय. वाचन संपल्यावर त्यांनी मान लवविली. उपस्थितांत त्यांचे मित्र, गिऱ्हाइके, सरकारी सहकारी होते. त्याच सुमारास सेलमच्या बारा ज्यूरींनीही सही करून माफी मागितली, आणि तीत हयात पीडितांची स्पष्ट क्षमा मागितली होती.

स्यूअल यांच्या माफीवर आक्षेप घेता येतो आणि घेतलाही जातो. त्या कागदात मेलेल्या एकाचेही नाव नाही. स्वतःच्या मुलांवर ओढवलेल्या मृत्यूंची भीती त्यात स्पष्ट दिसते. मुले गेली नसती तर हा माणूस उभा राहिला असता का? कदाचित नसता. परंतु मुले त्या काळी सर्वांचीच जात होती. सेलमच्या नऊ न्यायाधीशांपैकी भर मंडळीत उभे राहणारे स्यूअल एकटेच. स्टाउटन १७०१मध्ये मेले तोपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या समाधानात बिघाड झाल्याचे दिसत नाही. जॉन हॅथॉर्न यांनीही नाही. त्यांचा वंशज कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याने पुढे आडनावाच्या स्पेलिंगात एक अक्षर वाढवून घेतले, त्यामागे या पूर्वजाशी नाते लपवण्याचा हेतू होता असे म्हणतात.

माफीची परीक्षा तिच्यानंतर माणूस काय करतो यात होते. १७००मध्ये स्यूअल यांनी ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ ही छोटी पुस्तिका काढली. योसेफाला त्याच्या भावांनी विकले, त्या बायबलमधल्या कथेवरून तिचे नाव. गुलामांचा व्यापार हे पाप आहे असे सांगणारी, न्यू इंग्लंडमध्ये छापली गेलेली ही सुरुवातीची पुस्तिका. काळ्या लोकांविषयी त्या काळच्या गोऱ्या माणसाचे पूर्वग्रह तीत जागोजाग आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. पण बॉस्टनचे व्यापारी त्या वेळी गुलामांवर पैसा मिळवत होते, आणि स्यूअल त्याच वर्गातले. न्यायाधीश जॉन सॅफिन यांनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर म्हणून गुलामगिरीचे समर्थन छापले. या सॅफिन यांनी ॲडम नावाच्या आपल्या गुलामाला मुदत संपल्यावर मुक्त करण्याचे लेखी वचन देऊन ते मोडले होते. ॲडमने दाद मागितली आणि १७०३मध्ये तो मुक्त झाला. टिटुबाच्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

खेड्यात पॅरिस यांनी १६९४मध्ये मंडळीसमोर अर्धीमुर्धी चूक मान्य केली. गावाला ती पुरली नाही. नर्स कुटुंबाने त्यांच्या हातचा प्रभुभोज घ्यायला नकार दिला आणि शेवटी त्यांना गाव सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले जोसेफ ग्रीन हे विशीतले पाळक. त्यांनी मोठे प्रवचन झोडल्याचे दिसत नाही. त्यांनी उपासनागृहातल्या बसण्याच्या जागा बदलल्या. नर्स आणि पुटनम कुटुंबांतली माणसे शेजारी शेजारी बसवली. या सर्व इतिहासात मला हा तरुण फार आवडतो. १७०६मध्ये ॲन पुटनम, आता सव्वीस वर्षांची, आईवडील वारलेली आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ करणारी, मंडळीची सभासद होऊ इच्छीत होती. ग्रीन यांनी तिची कबुली लिहून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती उभी असताना सर्वांसमोर वाचली. तीत रिबेका नर्स आणि तिच्या बहिणींचा उल्लेख आहे. हे आपण रागाने किंवा द्वेषाने केले नाही, सैतानाच्या भुलीने केले, असेही तीत आहे. नर्स कुटुंबाची माणसे समोर बसली होती. मंडळीने तिला सभासद करून घेतले. आरोप करणाऱ्या मुलींपैकी जाहीर माफी मागणारी ही एकच.

सैतानाने भुलवले हे म्हणणे सोयीचे होते खरे. जो शब्द बोलून माणसे फाशी दिली, त्याच शब्दाच्या आडोशाने ती माफी मागत होती. तिच्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

१७११मध्ये कायदेमंडळाने बऱ्याच जणांवरचा कलंक रद्द केला आणि सुमारे ५७८ पौंड भरपाई वाटली. प्रॉक्टर कुटुंबाला सर्वाधिक, १५० पौंड. विल्यम गुडला ३० पौंड मिळाले. हा सेरा गुडचा नवरा. पहिल्याच चौकशीत त्याने आपली बायको चेटकीण आहे किंवा लवकरच होईल असे सांगितले होते. त्याची चार-पाच वर्षांची मुलगी डॉरोथी हिलाही साखळदंड घालून सात-आठ महिने कोठडीत ठेवले होते, आणि तेव्हापासून तिची बुद्धी ठिकाणावर नाही असे त्याने अर्जात लिहिले. १७१२मध्ये सेलमच्या मंडळीने रिबेका नर्सवरचा बहिष्कार रद्द करून तो वहीतून पुसून टाकण्याचा ठराव केला. त्याच ठरावाने गाइल्स कोरीलाही परत घेतले.

भरपाईच्या यादीतून काही नावे सुटली होती. त्यांत अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन होती. तिने बाविसाव्या वर्षी कबुली दिली होती, जानेवारी १६९३मध्ये तिला मृत्युदंड झाला आणि फिप्स यांच्या हुकमाने ती वाचली. आपले नाव राहून गेले म्हणून तिने १७१२मध्ये अर्ज केला. त्यावर काही झाले नाही. ती अविवाहित राहिली आणि १७४७मध्ये वारली, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला वंशज उरले नाहीत. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने तिचे प्रकरण पुन्हा हाती घेतले, आणि जुलै २०२२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने तिला दोषमुक्त केले.